जॅकार्ड चादर आणि सरकलेली नक्षी: नॉइजपुढे टिकणारी बिंदुजुळणी

सोलापुरात अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतली जॅकार्ड यंत्रमागांची एक शेड. मागावरून उतरलेली चादर तपासणीच्या टेबलावरून पुढे सरकते आणि वर बसवलेला कॅमेरा तिचे फोटो काढतो. हा फोटो डिझायनरच्या मूळ ग्राफ-फाइलवर, म्हणजे नक्षीच्या चौकटी-आराखड्यावर बसवायचा, मग दोन्हींची वजाबाकी करून चुकलेला बाणा (आडवा धागा), तुटलेला ताणा (उभा धागा), तरंगता धागा हुडकायचा, असं काम आहे. वजाबाकी दोन ओळींचा कोड आहे. सगळी मेहनत बसवण्यात, म्हणजे फोटोतले बिंदू फाइलमधल्या बिंदूंशी जुळवण्यात जाते.

शेजारच्या नक्षीशी तुलना करून भागलं असतं, फाइलची गरजच काय, असं वाटणं साहजिक आहे. पण जॅकार्डचा, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रणेचा, एक हूक रुंदीतल्या प्रत्येक नक्षीतला एकेक धागा उचलतो. हूक अडकला तर तीच चूक सगळ्या नक्ष्यांमध्ये त्याच जागी उमटते, आणि शेजाऱ्यांची तुलना केली तर सगळं सारखंच, म्हणजे निर्दोष दिसतं. हूकापासून धाग्यांपर्यंत जाणाऱ्या दोऱ्यांच्या जाळ्याची, म्हणजे हार्नेसची, एखादी दोरी तुटली तर मात्र चूक एकाच रांगेत येते. दोन्ही प्रकार पकडायचे तर मूळ फाइलशीच जुळवावं लागतं.

मांडणीचे आकडे

चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे साधारण १५२ बाय २२९ सें.मी. दोन्ही बाजूंना ६-६ सें.मी. किनार, मधल्या १४० सें.मी.मध्ये २० सें.मी. रुंदीच्या ७ नक्ष्या. लांबीत २५ सें.मी.च्या ८ नक्ष्या आणि दोन्ही टोकांना आडवे काठ. कॅमेरा ४०९६ बाय ३००० पिक्सेलचा, एका पिक्सेलला ०.४ मि.मी. त्यामुळे एका फ्रेममध्ये १६४ बाय १२० सें.मी. दिसतं. एका चादरीला तीन फ्रेम लागतात आणि शेजारच्या फ्रेमचा सुमारे अर्धा मीटर भाग सामाईक राहतो. नक्षीची रुंदी ५०० पिक्सेल, लांबी ६२५ पिक्सेल.

एका नक्षीत रंग बदलणारे स्पष्ट कोपरे २४; हेच आपले बिंदू. एका फ्रेममध्ये फाइलच्या बाजूने सुमारे ८०० बिंदू येतात. फोटोच्या बाजूने वाईट दिवशी ११०० सापडतात आणि त्यांतले ४०० खोटे असतात, असं धरून पुढचं गणित केलं आहे. लहानात लहान पकडायचा दोष ३ मि.मी., त्यामुळे जुळणीची चूक १ मि.मी.च्या, म्हणजे अडीच पिक्सेलच्या आत हवी. एकच सुटलेला बाणा या मांडणीत दिसणार नाही; त्याला वेगळा कॅमेरा लागतो, हे मालकाला आधीच सांगून टाकलेलं बरं.

नॉइज एक नाही

‘नॉइज आहे’, म्हणजे मोजमापात गडबड आहे, असं एका शब्दात म्हटलं की उपायही एकच शोधला जातो, आणि गाडी तिथेच रुतते. या टेबलावर निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

पहिली, बिंदूची थरथर. सुताला लव असते, त्यामुळे कोपरा नेमका कुठे हे दीड-एक पिक्सेल इकडेतिकडे होतं. हा सभ्य नॉइज. बिंदू वाढवले की सरासरीत विरतो.

दुसरी, खोटे बिंदू: तूस, गाठी, लोंबते धागे, घडीची सावली. यांत एक उपप्रकार सहज निस्तरता येतो. लेन्सवर बसलेलं तूस आणि टेबलाच्या काचेवरचा ओरखडा चादर सरकली तरी त्याच पिक्सेलवर राहतात. लागोपाठच्या दहा-पंधरा फ्रेममध्ये जागचा न हललेला बिंदू सरळ वगळायचा.

मोआरेही, म्हणजे बारीक वीण आणि पिक्सेलची जाळी यांचा मेळ न बसून उमटणारी लाटही, खोटे बिंदू तयार करतो. धाग्यांमधलं अंतर ०.६ मि.मी. असेल तर एका धाग्याच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो. विणीची पुनरावृत्ती नीट टिपायला किमान दोन हवेत. परिणामी कापडात नसलेल्या लाटा फोटोत उमटतात आणि कोपरे शोधणारा अल्गोरिदम त्यांच्यावर तुटून पडतो. फोटो काढल्यावर ब्लर करून उपयोग नाही, कारण लाट तोवर चित्रात शिरलेली असते. लेन्सचा फोकस किंचित ढिला करायचा. धागे पुसट होतात, नक्षीचे कोपरे टिकतात, आणि आपल्याला कोपरेच हवे आहेत.

तिसरी, गायब बिंदू. घडी पडली की एक अख्खा पट्टा जातो. हे बिंदू विखुरलेले नसतात, एका जागचे एकदम जातात, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

चौथी, खरी विकृती. कापड तिरकं होतं, बाणा मध्ये धनुष्यासारखा वाकतो, लांबीत ताण कमी-जास्त होतो. हा नॉइज नव्हेच; मॉडेलमध्ये त्याला जागा द्यावी लागते.

पाचवी आणि सगळ्यात खोडसाळ, पुनरावृत्ती. एक नक्षी सरकून बसलेली जुळणी बरोबर जुळणीइतकीच देखणी दिसते.

प्रकाशाचं थोडक्यात: दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवायचं. दिवा एकाच बाजूने आणि खालच्या कोनातून दिला तर लवेची सावली पडून खोटे कोपरे वाढतात. दोन्ही बाजूंनी पसरट, मऊ प्रकाश द्यावा. लेन्सची वक्रता कॅलिब्रेशनमध्येच काढून टाकावी, नाहीतर ती पुढे कापडाच्या नावावर खपते.

साध्या पद्धती कुठे मोडतात

न्यूनतम वर्गाची पद्धत, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान करणारी, एका चुकीच्या जोडीनेही कलंडते. ५० जोड्यांत एकच जोडी एका नक्षीने, म्हणजे ५०० पिक्सेलने चुकली तर सरासरी सरक १० पिक्सेल, म्हणजे ४ मि.मी. होते. आपली एकूण मुभा १ मि.मी. आहे.

आयसीपी, म्हणजे जवळचा बिंदू धरा, बसवा, पुन्हा जवळचा धरा, ही बेसल आणि मॅके यांनी १९९२ साली मांडलेली पद्धत इथे सुरुवातीलाच फसते. एका नक्षीच्या ५०० चौ. सें.मी.मध्ये २४ बिंदू म्हणजे दोन बिंदूंत सरासरी ४.६ सें.मी. सुरुवातीची चूक याच्या निम्म्याहून, म्हणजे २.३ सें.मी.हून जास्त असेल तर ‘जवळचा’ बिंदू बहुधा भलताच असतो. टेबलावर चादर हाताने टाकतात, पाच सें.मी. इकडेतिकडे सहज होते. फिरण्याचं तर विचारूच नका: मध्यापासून ७६ सें.मी.वरच्या कडेला २ अंशांनी २६ मि.मी.चा फरक पडतो. आयसीपी शेवटच्या टप्प्यावर उत्तम आहे. पहिल्या टप्प्यावर नको.

आधी खुंटी, मग बिंदू

म्हणून सुरुवात नक्षीच्या बिंदूंपासून करायची नाही. नक्षीत पुनरावृत्ती आहे, किनारीत रुंदीच्या दिशेने नाही. खुंटी म्हणून दोन्ही किनारींच्या रेषा आधी शोधायच्या. त्यांतून चादरीचा फिरलेला कोन आणि रुंदीतली जागा मिळते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये आडवा काठ लांबीतली जागा देतो. मधल्या फ्रेममध्ये काठ दिसतच नाही. तिला लांबीच्या दिशेने स्वतःची ओळख नाही, ती उसनी घ्यावी लागते: टेबलाच्या रोलरवर एन्कोडर (रोलर किती फिरला ते मोजणारं उपकरण) बसवून, किंवा आधीच्या फ्रेमच्या सामाईक भागातून. उसनी माहिती अर्ध्या नक्षीपेक्षा, म्हणजे १२.५ सें.मी.पेक्षा अचूक असली की नक्षी चुकत नाही. स्वस्तातला एन्कोडरही याहून कितीतरी बरा असतो. एन्कोडरचा खर्च वाचवून सॉफ्टवेअरने भरून काढू, हा हिशेब इथे तोट्याचा आहे.

खुंटी ठोकली की उरलेली चूक पंचवीस-तीस पिक्सेलच्या आत येते. आता फाइलमधल्या प्रत्येक बिंदूभोवती ३० पिक्सेलच्या वर्तुळात फोटोतला जोडीदार शोधायचा. या वर्तुळात किती खोटे बिंदू सापडतील? १.२३ कोटी पिक्सेलमध्ये ४०० खोटे. वर्तुळाचं क्षेत्रफळ २८२७. म्हणजे सरासरी ०.०९. खरा बिंदू गायब असेल तेव्हा खोटा जोडीदार मिळण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. कोपऱ्याच्या चारी बाजूंना कोणते रंग आहेत त्यावरून बिंदूंचे चार प्रकार पाडले आणि प्रकार जुळला तरच जोडी लावली, तर ती सव्वादोन टक्क्यांवर येते. हे वर्गीकरण फुकटात मिळतं; ते न करता पुढचा अल्गोरिदम मजबूत करत बसण्यात अर्थ नाही.

वाकलेला बाणा आणि रॅन्सॅकची घोडचूक

रॅन्सॅक ही फिशलर आणि बोल्स यांची १९८१ सालची पद्धत: थोडे बिंदू यादृच्छिक निवडा, त्यांवरून रूपांतर काढा, किती बिंदू त्याला दुजोरा देतात ते मोजा, सर्वाधिक दुजोऱ्याचं ठेवा. कापडाचा तिरकेपणा आणि दोन दिशांतला वेगवेगळा ताण अफाइन रूपांतरात (सरकवणं, फिरवणं, ताणणं, तिरकं करणं) बसतो, त्याला तीन बिंदू पुरतात. थरथर दीड पिक्सेल, म्हणून ९५ टक्के खरे बिंदू आत घेणारा उंबरठा २.४५ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ३.७ पिक्सेल. पुस्तकी हिशेब इथवर चोख.

आता बाण्याचा बाक घ्या. मध्य आणि कडा यांत १० मि.मी.चा फरक, म्हणजे २५ पिक्सेलचा परवलय. ३.७ च्या उंबरठ्यात अफाइन रूपांतराला त्यातला जास्तीत जास्त ५४ टक्के रुंदीचा तुकडा धरता येतो. परवलयात तिरकेपणा मिसळला तरी तो परवलयच राहतो, फक्त सरकतो, म्हणून कोणताही ५४ टक्क्यांचा तुकडा सारखाच चांगला. परिणाम असा की रॅन्सॅक एका फ्रेममध्ये डावीकडचा भाग धरतो, पुढच्या फ्रेममध्ये मधला, त्यानंतर उजवा. आणि उरलेले खरे बिंदू ‘खोटे’ म्हणून फेकतो. मधला तुकडा धरला की दोन्ही किनारी जातात. नक्षी चुकली का हे सांगणारा एकमेव साक्षीदारच बाहेर काढला जातो. फ्रेमगणिक तिरकेपणाचा आकडा उड्या मारताना दिसला तर समजावं की खोट्या बिंदूंचा दोष नाही, मॉडेल अपुरं आहे.

उंबरठा वाढवणं हा अर्धा उपाय. बाकाला त्याचा स्वतःचा गुणांक देणं हा खरा उपाय: लांबीच्या दिशेच्या समीकरणात रुंदीतल्या जागेच्या वर्गाचं एक पद. अफाइनचे सहा आणि हा एक, असे सात अज्ञात. चार बिंदू लागतात. किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. खऱ्या जोड्यांचं प्रमाण ०.३ इतकं वाईट धरलं आणि ९९ टक्के खात्री हवी असेल तर तीन बिंदूंना १६९ फेऱ्या, चार बिंदूंना ५६७. प्रमाण ०.५ असेल तर अनुक्रमे ३५ आणि ७२. सूत्र निवडलेले खरे बिंदू थरथररहित धरतं, म्हणून प्रत्यक्षात तिप्पट फेऱ्या द्याव्यात. तरीही हे सेकंदाच्या अंशात उरकतं.

चार बिंदू कुठूनही उचलले तर चालत नाही. चारही एकाच उभ्या रांगेतले निघाले तर बाकाचा गुणांक ठरतच नाही. डाव्या, मधल्या आणि उजव्या तृतीयांशातून निदान एकेक घ्यायचा, आणि लांबीतही ते विखुरलेले असायला हवेत.

यानंतर टिकलेल्या बिंदूंवर भारित न्यूनतम वर्ग, म्हणजे दूरच्या बिंदूला कमी वजन: अवशेषांच्या (जुळणीनंतर उरलेल्या अंतरांच्या) मध्यक निरपेक्ष विचलनाला १.४८२६ ने गुणून सिग्मा (चुकांचा पसारा) काढायचा, आधी ह्यूबरचा, वजन हळूहळू घटवणारा भार सिग्माच्या १.३४५ पटीला, मग ट्युकीचा ४.६८५ पटीला. क्रम उलटा नको. ट्युकी दूरच्या बिंदूला शून्य भार देतो, त्यामुळे सुरुवात चुकीची असेल तर तो चुकीलाच घट्ट धरून बसतो.

लवचिकपणा किती द्यायचा

सात अज्ञातांनंतरही थोडी वाकडीतिकडी ओढ उरते. ती काढायला सीपीडी, म्हणजे मायरोनेन्को आणि साँग यांची २०१० साली पूर्ण रूपात आलेली संभाव्यतेवर आधारित पद्धत सोयीची. फाइलचे बिंदू गाउशियन (मध्यात दाट, कडेला विरळ) ढगांची केंद्रं मानायचे, फोटोतले बिंदू त्या ढगांतून आलेले धरायचे, आणि खोट्या बिंदूंसाठी सगळीकडे सारखा पसरलेला एक वेगळा घटक ठेवायचा. जोडी ठाम न लावता शक्यतेने लावली जाते, म्हणून गायब आणि जादा बिंदू दोन्ही पचतात. चुई आणि रंगराजन यांची २००३ सालची पद्धत पातळ पत्र्याच्या स्प्लाइनने, म्हणजे पत्र्यासारख्या गुळगुळीत वाकणाऱ्या पृष्ठभागाने, याच वाटेने जाते.

तयार कोड जसाच्या तसा चालवला तर दोन ठिकाणी फसगत होते. एक, सीपीडीचा सुरुवातीचा सिग्मा (इथे ढगांची रुंदी) सगळ्या बिंदूंच्या सगळ्या जोड्यांच्या अंतरांवरून काढला जातो. तो शेकडो पिक्सेलचा येतो, आणि एवढ्या मोठ्या ढगात शेजारच्या नक्ष्या एकमेकींत विरघळतात. खुंटीने कमावलेली जागा पहिल्याच फेरीत वाया जाते. सिग्मा हाताने २५ पिक्सेलपासून सुरू करायचा. दोन, बरेच कोड दोन्ही संचांची सरासरी शून्यावर आणि पसारा (व्हेरियन्स) एकवर आणतात. घडीमुळे एक पट्टा गायब असेल तर फोटोची सरासरीच सरकलेली असते, म्हणजे नॉइजपासून वाचवणाऱ्या पद्धतीच्या दारातच नॉइजला आत घेतलं. दोन्ही संचांना एकच प्रमाण आणि एकच मूळबिंदू द्यावा.

खोट्या घटकाचं वजन ११०० पैकी ४०० या अंदाजाने ०.३५ च्या आसपास ठेवावं. फार कमी ठेवलं तर तुसाचे ठिपके नक्षीला ओढतात. फार जास्त ठेवलं तर खरे बिंदूही मोकाट सुटतात आणि काहीच हलत नाही.

खरा निर्णय बीटा आणि लॅम्डाचा. बीटा सांगतो की एका बिंदूची हालचाल किती दूरवरच्या शेजाऱ्यांना सोबत नेते, लॅम्डा सांगतो की गुळगुळीतपणाचा आग्रह किती. मोह असा होतो की बीटा लहान ठेवावा, म्हणजे अवशेष शून्याजवळ जातो आणि आलेख सुंदर दिसतो. पण मग चार सें.मी. भागात पाच बाणे सुटून नक्षी ३ मि.मी. आखडली असेल, तर जुळणी तो भाग ताणून जागेवर बसवते आणि वजाबाकीत काहीच उरत नाही. दोष सापडायच्या आधीच दुरुस्त झालेला असतो, फक्त पडद्यावर. कापडाची ओढ दहा-वीस सें.मी.वर हळूहळू बदलते, दोष दोन-चार सें.मी.त असतो. बीटा दोषाच्या मापापेक्षा बराच मोठा, ओढीच्या मापाजवळ असला पाहिजे: इथे एक नक्षी, म्हणजे ५०० पिक्सेल, त्याहून कमी नाही.

एक अपवाद मुद्दाम वेगळा काढावा लागतो. वीज गेली आणि माग थांबून पुन्हा सुरू झाला की तिथे बाण्यांची दाटी बदलते आणि आडवा पट्टा पडतो. तिथे बदल हळूहळू होत नाही, एकदम पायरी येते. गुळगुळीत स्प्लाइन त्या पायरीला दोन्ही बाजूंना पसरवतं आणि वर-खाली निर्दोष भागातही खोटे अवशेष दाखवतं. उपाय असा: सीपीडीच्या आधी, सात अज्ञातांच्या जुळणीनंतर, लांबीच्या दिशेचे अवशेष आडव्या ओळींप्रमाणे घ्यायचे, प्रत्येक ओळीचा मध्यक काढायचा, आणि शेजारच्या दोन ओळींत ३ मि.मी.ची उडी दिसली तर ती दोष म्हणून नोंदवून फ्रेम तिथे दोन तुकड्यांत जुळवायची. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, तोच आकडा उपयोगी पडतो.

जुळली हे कशावरून?

अवशेष लहान आहे यावरून तर नाहीच. तीन बिंदूंवर बसवलेल्या अफाइनचा अवशेष नेहमी शून्य असतो, बिंदू कितीही चुकीचे असोत. दर पाचवा खरा बिंदू जुळणीत न घेता बाजूला ठेवायचा आणि अडीच पिक्सेलची अट त्याच्यावर तपासायची.

नक्षी सरकली का, यासाठी अंतिम जुळणी मुद्दाम एक नक्षी डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सरकवून पुन्हा मोजायची. रुंदीत एक नक्षी सरकली तरी सातपैकी सहा रांगा जुळतातच, म्हणजे ८६ टक्के बिंदू ‘बरोबर’. फरक फक्त १४ टक्क्यांचा, आणि घडीच्या दिवशी तेवढा फरक सहज झाकला जातो. म्हणून जुळलेले बिंदूच मोजू नयेत; फाइलमधले न सापडलेले आणि फोटोतले नक्षीच्या प्रकाराचे पण बेवारस राहिलेले, दोन्हींचा दंड लावावा. सरकलेल्या जुळणीत एका कडेला पहिले आणि दुसऱ्या कडेला दुसरे वाढतात, त्यामुळे अंतर दुप्पट होतं. तरीही पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात पुरेसं अंतर नसेल तर फ्रेम नाकारायची आणि चादर हाताने तपासायला पाठवायची. लांबीच्या दिशेने मधल्या फ्रेमला ही चाचणी फारसं काही सांगत नाही. तिथे एन्कोडरवरच भिस्त.

पद्धत रुळण्याआधी बनावट चाचणी घ्यावी, कारण खरं उत्तर तिथेच माहीत असतं. फाइलचे बिंदू घेऊन दीड अंश तिरके करा, ८ मि.मी. बाक द्या, दीड पिक्सेलची थरथर मिसळा, २० टक्के बिंदू काढा, ४०० खोटे टाका. मात्र खोटे बिंदू सगळीकडे सारखे शिंपडू नका. तूस पुंजक्यांनी येतं आणि घडी अख्खा पट्टा नेते. एकसारख्या शिंपडलेल्या नॉइजवर जवळपास कोणतीही पद्धत उत्तीर्ण होते आणि शेडमध्ये पहिल्याच आठवड्यात नापास होते. चाचणीत एक ३ मि.मी.चा दोषही मुद्दाम घाला, आणि जुळणीनंतर तो वजाबाकीत शिल्लक राहतो का ते पाहा.

शेडमध्ये बसवल्यावर

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा स्टँड १५ अंश तापला की सुमारे ०.७ मि.मी. वाढतो, चादरीच्या रुंदीवर त्याचा परिणाम अर्धा मि.मी., म्हणजे सव्वा पिक्सेल. आपल्या मुभेचा निम्मा भाग. म्हणून प्रमाण कॅलिब्रेशनच्या दिवशीच्या आकड्याला बांधून ठेवू नये. अफाइनमध्ये ते मोकळं असतंच, फक्त त्याला ताणाच्या नेहमीच्या मर्यादेत ठेवावं.

चादर उलटी पडली तर? दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या जॅकार्ड चादरीत मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते आणि नक्षी आरशातली दिसते. आरशातली जुळणी अफाइनच्या सारणिकाच्या (डिटर्मिनंटच्या) ऋण चिन्हावरून कळते, म्हणून रॅन्सॅकच्या प्रत्येक फेरीत ऋण सारणिक आलं की ते रूपांतर तिथेच टाकून द्यायचं. पण समोरासमोर तोंड केलेल्या मोरांसारखी नक्षी स्वतःच आरशासारखी सममित असते, तिथे चिन्ह धन राहूनही चादर उलटी असू शकते. तेव्हा कोपऱ्यांचे रंग-प्रकार कामी येतात: उलट्या चादरीत ते प्रकार अदलाबदल होऊन सापडतात. फ्रेममधले बहुसंख्य प्रकार उलटे दिसले तर जुळणीच्या फंदात न पडता टेबलावरचा इशाऱ्याचा दिवा लावायचा आणि चादर पालटायला सांगायचं.